दादाच्या मापाची लाकडं

आमच्या शेगडीला हसता ना, हसा, पण आधी ऐका. यंदा थंडीत आईला उघड्या आगटीजवळ झोपू द्यायचं नाही, दाराची शेगडी आणायची, असं दादा म्हणाला होता. पोळा झाला आणि दादाच गेला. थंडी पडली तसा मी उठलो आणि थेट दिग्रसचा बाजार गाठला.

पत्र्याचं काम करणाऱ्या चाचानं विचारलं, "घरचं लाकूड केवढं लंबं हाय?"

"लाकडाचं दादा पाहते."

"मंग त्यालेच धाड ना बे. लाकूड पाहून शेगडी घ्या लागते."

मला तिथं थांबवेना. हाताशी आली ती शेगडी उचलली आणि निघालो.

घरी येऊन पाहतो, तर दादानं तोडून रचलेलं एकेक लाकूड शेगडीपेक्षा वीतभर लांब. मी कुऱ्हाड काढली, तशी आई ओरडली, "ठेव ते! त्याच्या हातचं हाय. कायले तोडतं?"

मग लाकडं अर्धी आत, अर्धी बाहेर. शेगडीचं दार उघडंच आणि घरभर धूर. शेजारची काकू खोकत म्हणाली, "बाई, शेगडी तरी बदलून आणा."

"कायले?" आई म्हणाली. "त्याची लाकडं सरली की लागते दार."

तेव्हापासून मी रानातून लाकूड आणतो, तेही दादाच्याच मापानं तोडतो आणि आईची पाठ वळली की त्याच्या थप्पीत सारून देतो.