धारंची वेळ

माजं माहेर नेसरीकडचं, लगीन करून कोल्हापुरात आलो. आलो म्हणलं म्हणून असं बघू नका माझ्याकडं, आमच्यात बायकाबी आलो-गेलोच म्हणत्यात, तसंच लिवा, दुरुस्त करू नका. आमचे मालक ट्रकवर हुते, ते घाटात अपघातात गेले, आन् मी शूटिंगवाल्यांचं डबं करायला लागलो. पन्नास पन्नास माणसांचा स्वयंपाक, तांबडा, पांढरा, भाकरी, समदं एकटीनं. मग जेवता जेवता त्येंच्यातला कोणतरी म्हणायचा, आक्का, एकादी जुनी हीर बघा की, आक्का, ऊसतोडीचा फड पायजे हुता. मी नेऊन दाखवायचो, मला माणसं म्हाईत. असं करत करत डबं सुटलं आन् ह्यो धंदा लागला. जागा बघायची, मालकाला राजी करायचं, कुणी कवा यायचं ते ठरवायचं. मला हापिस न्हाय, पाटी न्हाय. पर गारगोटीपास्नं कळंब्यापतोर कुणाच्याबी दारात उभी ऱ्हायलो तर च्या पाजल्याबिगर सोडत न्हाईत, आन् लोकं म्हणत्यात आक्कानं आणल्यात म्हंजे माणसं बरी असणार.

तर गेल्या उन्हाळ्यात दुधाच्या पिशव्या इकणारी एक कंपनी आली. नाव घेत न्हाय, नाव घिऊन मोठी कशाला करू. त्येंला जाहिरातीचा व्हिडिओ करायचा हुता आन् त्यात आमचा दूधकट्टा पायजे हुता. तुमी बघितलाय का न्हाय? रस्त्याच्या कडंला म्हशी उभ्या करायच्या, लोकांनी पेला घिऊन थांबायचं, पेल्यात धार पडली की तितंच फेसासकट प्यायचं. आमच्या पेठेत दस्तगीरमामा बसत्यात, चार म्हशी घिऊन, त्येंच्या बापापास्नं. सांजंच्याला पाचच्या ठोक्याला धार. पैलवान येत्यात, बाळंतिणीची आई येती, कारन समदं डोळ्यांदेखत, पाण्याचा थेंब न्हाय. मामा कुणाला म्हशीजवळ कॅमेरा आणू देत नव्हते. मी गेलो, च्या प्यालो, मामा म्हणाले, तुमी म्हणताय न्हवं आक्का, मग आणा.

पाचची वेळ ठरली. आन् आदल्या दिशी कंपनीच्या मॅनेजरचा फोन, आक्का, आमचं विमान सांजंचं हाय, दुपारी बाराला जमंल का. आन् मी म्हणालो, जमतंय की, या तुमी. काय सांगू तुमाला, ही आमची कोल्हापूरची खोड. पावण्याला न्हाय म्हणायला आमची जीभच उचलत न्हाय. म्या मनात म्हणलं, येऊ देत, जेवाय घालू, पांढरा रस्सा दोन वाट्या पोटात गेला की आपसूक पाच वाजत्यात, मग कसलं विमान आन् कसलं काय. चूक माजी. सरळ सांगतो, माजीच चूक.

पर पावणं जेवंनात. आल्या आल्या लाइटी लावल्या, पांढऱ्या छत्र्या लावल्या, मामांला गुलाबी फेटा गुंडाळला, आयुष्यभर टोपी घातलेला माणूस. मामा म्हशीखाली बसले. सड धुतलं, पाठीवर थाप मारली, चुचकारलं, पंधरा मिनटं झाली, अर्धा तास झाला. थेंब न्हाय. चारींतल्या एकीनंबी पान्हा सोडला न्हाय, आन् सोडंल तरी कशी, सकाळी पिळलीया, ऊन डोक्यावर, त्यात ही अनोळखी गर्दी. मामा घामानं भिजले. तवा तो मॅनेजर मला बाजूला घिऊन म्हणतोय, आक्का, ते पान्ह्याचं इंजेक्शन असतंय न्हवं, मी मागवून घेतलंय, टोचलं की दोन मिनटात धार, एक दिवसाचा प्रश्न, कुणाला कळतंय.

मामांनी ऐकलं ते. उठले, फेटा काढला, हातात घेतला आन् म्हणाले, आक्का, आमच्यात कधी टोचलं न्हाय, बापानं न्हाय आन् म्या न्हाय. पर तुमी शब्द दिलाय ह्येंला. तुमी म्हणाल तर टोचतो, तुमचा शब्द पडू देत न्हाय मी.

आग लागो माझ्या शब्दाला! मेल्याहून मेल्यासारखं झालं बघा. तो माणूस आपल्या बापाचं नाव माझ्यासाठी इस्कटाय निगाला हुता. म्या मॅनेजरला म्हणलं, गुंडाळा तुमचं सामान. तो म्हणतोय, आक्का, इचार करा, वर्षाची समदी कामं तुमच्याकडनं जात्यात, पुन्यांदा फोन यायचा न्हाय. म्या म्हणलं, नको येऊ दे. तुमाला बाराची वेळ दिली ती म्या दिली, म्हशीनं दिली न्हवती. माणसं तुमच्या पगारावर असतील, म्हस न्हाय. पाचपतोर थांबायचं तर थांबा, जेवाय घालतो, न्हायतर उचला छत्र्या आन् सुटा. भर रस्त्यात म्हणलं, अख्खी पेठ बघत हुती. गेले तणतणत. तुझ्यासारख्या छप्पन्न मिळतील म्हणत गेले.

सांजंलाबी चारी म्हशी बिथरल्याल्या, पाव लिटरबी दिलं न्हाय. गिऱ्हाइकं रिकामं पेलं घिऊन उभी. म्या समद्यांम्होरं सांगितलं, मामांचं काय चुकलं न्हाय, म्या चुकलो. एक म्हातारं म्हणालं, आक्का, आमी उद्या येतो की, त्यात काय एवढं.

फोन खरंच आला न्हाय त्येंचा. दुसरी कामं हाईत थोडी, न्हाईत असं न्हाय, डबंबी परत चालू केल्यात, हात काय झिजलं न्हाईत माझं. जाहिरात मातर झाली त्येंची. नातीनं परवा मोबाईलवर दाखवली. कुठला तरी कट्टा, फेटा बांधलेला कोणतरी माणूस, दुधाची ही जाड धार, माणसं हासत पेलं उचलाय लागल्यात. लई देखणी केलीया. नात म्हणाली, आज्जी, किती भारी न्हवं. म्या म्हणलं, थांबीव जरा, म्हशीच्या पायाकडं बघ. सावली पोटाखाली गोळा झालीया. भर दुपार हाय ती. त्या येळेला एवढी धार कशानं पडती, ते आता तुमालाबी कळलंय.

ती म्हस दस्तगीरमामांची न्हाय. एवढं लिवा, मोठ्या अक्षरात लिवा.