गाडीवरून वाचता येणारा फलक

आजच्या सभेचे सन्माननीय अध्यक्ष चंद्रभानजी ठवकर, ज्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत आपलं मंडळ नांदतं त्या आदरणीय सिंधूताई देवतळे, सत्कारमूर्ती आणि आपले मावळते चिटणीस श्री. रुपरावजी भोयर, त्यांच्या सौभाग्यवती गोपिकाबाई, व्यासपीठावरील मान्यवर, सभागृहातील माता-भगिनी, आणि डोक्याचा मफलर न सोडता मागच्या रांगेत बसलेले मोटरसायकल मालक मंडळाचे माझे समस्त बांधव,

अध्यक्षमहाराजांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मी पेशानं वकील. कोर्टात पाच मिनिटं मिळाली की मी पुढची तारीख मागतो. इथं ती सोय नाही, कारण रुपरावजी उद्या सकाळी आपल्या गावी, कुहीला, निघून जाणार आहेत, आणि एकदा माणूस धानाच्या शेतीत शिरला की त्याला समन्ससुद्धा पोचत नाही.

सुरुवातीला एक विनंती. बाहेर कुणाची तरी गाडी सुरू आहे. मघापासून फटफट ऐकू येऊन राहिली आहे. ज्यांची असेल त्यांनी कृपया जाऊन बंद करावी... बघा, कुणी उठलं? मला ठाऊक होतं, उठणार नाही.

सभागृहात असेही काही पाहुणे आहेत ज्यांच्याकडे मोटरसायकल नाही. ते सुखी जीव आहेत. त्यांच्या माहितीसाठी सांगतो, की आमच्या मंडळाची घटना, नियम, पोटनियम सगळं आहे, पण पाळला जाणारा नियम एकच, आणि तो कुठंही लिहिलेला नाही: एकदा सुरू झालेली गाडी घरी पोचेपर्यंत बंद करायची नाही. काहून? कारण पुन्हा किक मारून ती सुरू होईल याची हमी ब्रह्मदेवही देत नाही. आमचे खजिनदार नत्थूजी यांनी सख्ख्या साळ्याच्या लग्नात मांडवाच्या दाराशी गाडीवर बसूनच अक्षता टाकल्या. नवरदेवाला लागल्या की नाही ते माहीत नाही, बँडवाल्याला लागल्या.

तर अशा लोकांचं हे मंडळ. ते स्थापन केलं सिंधूताईंचे यजमान कैलासवासी गणपतराव यांनी. ते गेल्यावर आम्हाला वाटलं, आता रामदासपेठेतली ती खोली गेली. पण सिंधूताईंनी आम्हाला बोलावलं आणि सांगितलं, "खोली तुमचीच. भाडं-बिडं मले नको. संध्याकाळी घरात चार मानसं बोलताना ऐकू आले पाह्यजेत, बस." एवढीच अट. आणि खरं सांगतो, इतकी सोपी अट पाळायला आम्हाला फार जड गेली. रुपरावजींचा सत्कार कशासाठी, असं कुणी मला विचारलं तर मी म्हणेन, या एका अटीसाठी.

गोष्ट फलकाची आहे. जुना फलक आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. खोलीत, खिडकीशेजारी, काळी पाटी. तिच्यावर सहलीची सूचना, शोकप्रस्ताव, 'विकणे आहे', 'हरवले आहे', सगळं खडूनं एकाच अंगणात. पुसायचा अधिकार कुणाला, हे घटनेत नव्हतं, त्यामुळे कुणी पुसत नसे. 'रविवारी रामटेक' ही सूचना इतकी जुनी झाली होती, की तो रविवार कोणता हे लिहिणाऱ्यालाही आठवत नव्हतं. आमचे काही शिस्तप्रिय सभासद दर रविवारी रामटेकला जाऊन कुणी भेटतं का ते बघून यायचे.

तेव्हा सर्वानुमते ठरलं, फलकाची नव्यानं रचना करायची. 'सर्वानुमते' म्हणजे आमच्याकडे दोनच माणसं भांडली. नत्थूजींना फलक आपल्या बुलेटच्या रंगाचा हवा होता आणि चंद्रभानजींना आपल्या जावा मोटरसायकलच्या रंगाचा. अध्यक्षमहाराज माझ्याकडे रागानं बघताहेत, म्हणून हा विषय इथंच थांबवतो. अखेर काम सोपवलं रुपरावजींवर. ते पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन. धरणाचे नकाशे काढण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना आम्ही एक पाटी रंगवायला सांगितली. परिणाम काय व्हायचा? त्यांनी पाटीचं धरण केलं!

आधी नकाशा. समोरून, बाजूनं, वरून. मग मापं. रस्त्यावर सगळ्यांना आपापल्या गाड्यांवर बसवलं आणि टेप लावून प्रत्येकाच्या डोळ्यांची उंची घेतली. रामदासपेठेतले येणारे-जाणारे समजले, की दवाखान्यांची संख्या वाढल्यामुळं आता तपासणी रस्त्यावरच सुरू झाली. माझ्या सौभाग्यवती प्रेमलताबाई तिथून भाजी घेऊन चालल्या होत्या, त्यांनाही मागच्या सीटवर बसवलं. रुपरावजी म्हणाले, "वकीलसाहेब, मागं बसनारीचा इचार कोनी करतच नाही. लुगडं नेसून ते एका बाजूनं बसते. तिचं तोंड फुटपाथकडं असते. म्हणून बोर्ड फुटपाथकडूनच पाह्यजे." गोपिकाबाई त्या दिवसांत आमच्या घरी येऊन म्हणत, "घरी पंख्याची तार लोंबकळून राह्यली, अन् हे परस्त्रियांच्या डोळ्याची उंची मोजून राह्यले!" (गोपिकाबाई, तुम्ही हसताय, म्हणजे तार लागली असं समजतो.)

आणि फलक उभा राहिला. फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, लोखंडी चौकटीत. डावीकडे सहली, उजवीकडे खरेदी-विक्री, खाली सुखदुःख. पांढऱ्यावर निळी अक्षरं, इतकी ठसठशीत की पलीकडच्या दवाखान्यातल्या पेशंटनीही सहलीला नावं दिली. गाडी बंद करायची गरज नाही, पाय टेकवायचा, वाचायचं, गिअर टाकायचा, चालले! शिवाय मागच्या सीटवरच्या भगिनींना नवऱ्याआधी सगळं वाचता येऊ लागलं. पुरुषाला मान वळवावी लागते, तिच्या तर समोरच. पचमढीची सहल त्या वर्षी आमच्या घरी कशी रद्द झाली, हे मी सांगण्याची गरज नाही. मला सूचना दिसायच्या आत निकाल लागला होता.

मंडळी, त्या फलकात दोष काढायला जागा नव्हती. आणि त्यानंच आमचा घात केला.

खोलीत कुणी येईनासं झालं. यावं तरी कशाला? जे कळायचं ते रस्त्यावर कळत होतं. सिंधूताई संध्याकाळी ओसरीवर कपबशा मांडून बसायच्या. गाड्या यायच्या. थांबायच्या. हात वर व्हायचा, "नमस्कार, ताई!" आणि गाडी धंतोलीकडे पसार. पूर्वी तिथं कार्बोरेटरवरून भांडणं व्हायची, कुणी रुसायचं, कुणाची सोयरीक जमायची. आता रस्त्यावर फटफट आणि घरात चिडीचूप.

आम्ही कार्यकारिणीनं हालचाल केली नाही, असं कुणी म्हणू नये. मी स्वतः ठराव मांडला, की प्रत्येक सभासदानं आठवड्यातून एकदा खोलीत हजर राहणं सक्तीचं आहे. ठराव मंजूर झाला. नियमाप्रमाणे फलकावर लावला. सगळ्यांनी तो गाडीवरूनच वाचला, उत्तम भाषा आहे म्हणाले, आणि निघून गेले.

मग एक दिवस सिंधूताईंनी रुपरावजींना आणि मला बोलावलं. शेजारच्या एका डॉक्टरांना तपासणीसाठी जागा हवी होती. हल्ली रामदासपेठेत खडा भिरकावला तर तो डॉक्टरला तरी लागतो नाही तर पेशंटला. ताई म्हणाल्या, "बोर्ड झकास झाला, रुपरावजी. माह्या नवऱ्यानं पाह्यला असता त नाचला असता. पन आता खोलीचं काय काम हाये, सांगा बरं? डॉक्टरकडं निदान मानसं येऊन बसतीन त सही. खोकतीन, पन बसतीन." दिवाळीनंतर खोली डॉक्टरला द्यायची, असं त्या बोलल्या. राग नव्हता. रागावल्या असत्या तर मी बचाव केला असता, तो माझा धंदा आहे. त्या नुसत्या थकून बोलल्या.

बाहेर आल्यावर मी रुपरावजींना म्हटलं, फलक काढून टाकू. ते माझ्यावर भडकले. "फलकाचा काय गुन्हा आहे गा? लोकायले उतराले नको, त्याले मी काय करू?" मी समजू शकतो. आयुष्यभर माणसानं धरणं काढली, त्यांवर नावं लागली साहेबांची. हे एकच काम असं होतं की अख्खं नागपूर जाता-येता बघत होतं आणि 'हे भोयरांचं' म्हणत होतं. त्याच्यावर हात कसा उचलावा?

पण दुसऱ्या संध्याकाळी ते स्वतःच आले. फाटकाशी उभे राहिले. मी ओसरीवर होतो, ताईंकडे पुढची तारीख मागण्याच्या विचारात. गाड्या आल्या, हात हलले, गाड्या गेल्या. सिंधूताईंनी कपबशा जशा मांडल्या होत्या तशाच कोरड्या उचलल्या आणि आत नेल्या. रुपरावजी ते बघत होते. मग ते आपल्या गाडीकडे गेले आणि मी त्यांच्या सहवासात कधी न पाहिलेली गोष्ट पाहिली. त्यांनी इंजिन बंद केलं. सीटखालून पाना काढला आणि फलकाचे बोल्ट सोडायला लागले. मला हाक मारली, "वकीलसाहेब, या बाजूनं पकडा. घटनेत बसते का नाही ते मंग पाहू."

आम्ही दोघांनी तो फलक फिरवला. तोंड घराकडे, पाठ रस्त्याकडे. बोल्ट आवळता आवळता ते म्हणाले, "मी गाडीवर बसलेल्या मानसाचं माप घेतलं ना. उतरलेल्याचं घ्याचं राहूनच गेलं."

दुसऱ्या दिवशी रामदासपेठेत जो गोंधळ झाला! रस्त्यावरून दिसे फक्त कोरी पाठ. काय लिहिलंय कळेना. नत्थूजींनी आधी गाडीवरूनच मान काढली, मग फाटकातून गाडी आत घालायचा प्रयत्न केला. तो सिंधूताईंनी दारातली तुळस मोडेल म्हणून हाणून पाडला. शेवटी उतरले. इंजिन बंद केलं. आत येऊन वाचलं. आणि जायला निघाले तर गाडी सुरू होईना! किक मारून घामाघूम झाले. तेवढ्यात चंद्रभानजी आले, तेही अडकले. मग बसल्याशिवाय इलाज काय? चहा आला. पोहे आले, वरून झणझणीत रश्श्याची तर्री आली. ज्याची गाडी सुरू होत नाही तो दुसऱ्याला धक्का देतो, दुसरा तिसऱ्याला, आणि सगळ्यांत शेवटी उरतो त्याला ढकलायला कुणी नसतं, म्हणून तो जेवायलाच थांबतो. हल्ली तो मान नत्थूजींचा असतो. लांबून वाचायची ती अक्षरं आता ओसरीवर बसलेल्यांच्या नाकासमोर आली आहेत. आम्हाला एका वेळी एकच अक्षर दिसतं, पण कुणाची तक्रार नाही. सिंधूताईंनी डॉक्टरांना काय कळवलं ते मी विचारलं नाही. दिवाळी झाली, संक्रांत झाली, खोली आमच्याकडे आहे.

रुपरावजी, समोर बसला आहात म्हणून सांगतो. तुम्ही निवृत्त झालात, गावी शेती आहे, तुमचं जाणं योग्य आहे. पण मला ते आवडलेलं नाही. तुमच्याइतका हट्टी माणूस आता भांडायला कुठून आणू?

आता शेवटचं. फलकाची ती रस्त्याकडची पाठ कोरीच होती. तिच्यावर काहीतरी रंगवावं म्हणून आम्ही कितीदा मागं लागलो, पण रुपरावजींनी कुणाला हात लावू दिला नाही. आज सकाळी मी तिथून चाललो होतो. पाठीवर ओला रंग दिसला. तीच ठसठशीत निळी अक्षरं, गाडीवरून सहज वाचता येतील अशी. लिहिलंय: 'रुपराव भोयर उद्यापासून कुहीला राहतील. भेटायला अवश्य यावे. रस्ता आत सिंधूताईंना विचारावा.'

अहो, कुही काय विलायतेत आहे? उमरेडच्या रस्त्याला लागायचं आणि डावीकडे वळायचं. शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी मी गाडी बंद केली, मुकाट्यानं फाटक उघडलं आणि ताईंना म्हटलं, कुहीचा रस्ता सांगा. ताई म्हणाल्या, "बसा त आधी, वकीलसाहेब. चहा ठेवून राह्यली. रस्ता काय पळून चालला का?"

आज सकाळपासून सतरा जण तो रस्ता विचारून गेले, असं त्या मघाशी मला सांगत होत्या. त्यांतले दोघे कुहीचेच आहेत.

अध्यक्षमहाराज, घंटी वाजवू नका, बसतोच आहे. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. थट्टेच्या भरात कुणाच्या गाडीला, रंगाला किंवा सौभाग्यवतीला बोल लागला असेल तर तो माझ्या जिभेचा दोष समजून पदरात घ्यावा, आणि घरी गेल्यावर प्रेमलताबाईंनीही घ्यावा. नमस्कार.