राजनंदिनीला जे चालत नव्हते

पोलीस ठाणे दिंद्रुड, ता. माजलगाव, जि. बीड
दि. १८/०२/२०२५

मी शहादेव त्रिंबक घोलप, वय ५२ वर्षे, व्यवसाय शेती, रा. तलवाडा, ता. गेवराई, जि. बीड. बीड येथील दवाखान्यात माझी मुलगी उपचार घेत असून तेथेच हवालदार साहेबांनी विचारल्यावरून समक्ष सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नी चतुराबाई हिच्यासह राहतो. मला राजनंदिनी, वय २२, ही एकच मुलगी आहे. तिचे लग्न मागील वर्षी मे महिन्यात दिंद्रुड येथील रविराज आदिनाथ शेळके यांच्याशी झाले. घरी जावई, त्यांची आई भिवराबाई व राजनंदिनी असे तिघे राहतात. सासरे हयात नाहीत.

राजनंदिनी सातवीत असताना तिची वाढ थांबली होती. पोट फुगायचे, सारखे जुलाब व्हायचे. संभाजीनगरला दुर्बिणीने तपासणी केली. तेथील डॉक्टरांनी सांगितले की, हिच्या आतड्याला गहू सोसत नाही. चपाती, मैदा, रवा, बिस्कीट, शेवया जन्मभर बंद. दूध व दुधाचे पदार्थही पचत नाहीत, तेही बंद. औषध नाही, पथ्य हेच औषध.

तेव्हापासून आमच्या घरात गहू आणला नाही. गावच्या गिरणीत गव्हावर ज्वारी दळली की तिला त्रास व्हायचा, म्हणून घरघंटी घेतली. डबीतल्या बांधणीच्या हिंगात गव्हाचे पीठ असते हे पत्नीने कोठून तरी माहीत करून घेतले व खड्याचा हिंग आणू लागली. ज्वारी-बाजरीची भाकरी, भात, मुगाचे वरण, अंडी, शेंगदाण्याची चटणी, रविवारी मटण असे ती पोटभर जेवायची. होळीला पत्नी तांदळाच्या पिठाच्या धिरड्यात पुरण भरून द्यायची. एका वर्षात ती माझ्या खांद्याला लागली. गेवराईच्या कॉलेजात बी.एस्सी. झाली. त्या काळात तिला आजारी म्हणून कोणी ओळखले नसते.

लग्नाचे पाहताना पहिल्या दोन ठिकाणी आम्ही आजार सांगितला. दोन्ही ठिकाणाहून निरोप आला नाही. तिसरे स्थळ शेळके यांचे होते. चौदा एकर बागायत, नऊ म्हशी, डेअरीला दूध. ते पाहण्यास आले तेव्हा विहीणबाई म्हणाल्या की, आमच्या घरात दुधातुपाला तोटा नाही, पोरगी सुखात राहील. माझे मेहुणे बिभीषण यांनी मला बाजूला घेऊन सांगितले की, दाजी, या वेळी बोलू नका, ज्वारी कोणाच्या घरात नसते, निभावून जाईल. मला ते पटले.

राजनंदिनी स्वयंपाकघरात होती. तिने मला आत बोलावून विचारले, "आप्पा, तुमी सांगताव का मी सांगू?" मी तिला सांगू नकोस म्हणालो. तिने पुन्हा विचारले नाही.

सासरी दोन्ही वेळा चपाती होती. ती पहिले काही दिवस भातावर राहिली. नवी सून भातच खाते, आपल्या हातची चपाती खात नाही याचे विहीणबाईंना वाईट वाटू लागले, म्हणून ती थोडी थोडी खाऊ लागली, असे तिने पत्नीला फोनवर सांगितले. दिवाळीला माहेरी आली तेव्हा तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. पत्नी म्हणाली की, हिला परत पाठवू नका. मी चौथ्या दिवशी तिला मोटारसायकलवर नेऊन सोडले. रस्त्यात तिने दोनदा गाडी थांबवायला लावली. ती झाडाआड जाऊन येईपर्यंत मी रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो.

डिसेंबरमध्ये तिला दिवस गेल्याचे कळले. तेव्हापासून विहीणबाई तिचे जास्त करू लागल्या. सकाळी तूप घालून दूध, दुपारी गव्हाची खीर, संध्याकाळी दुधातल्या शेवया. ती वाळत चालली म्हणून त्या आणखी देत होत्या. मला हे माहीत होते. जानेवारीत तिचा मला फोन आला. ती म्हणाली, "आप्पा, आता तरी सांगू का?" मी म्हणालो, "लेकरू होऊ दे. मग सांगू. मग कोण काय म्हणतंय." ती बरं म्हणाली व फोन ठेवला. त्यानंतर तिचा मला फोन आला नाही.

दि. १४/०२/२०२५ रोजी सकाळी ११.२० वाजता जावयांचा फोन आला की, दोन दिवसांपासून उलट्या-जुलाब होते, आज ती गोठ्यात पडली व शुद्धीवर येत नाही, माजलगावहून बीडला नेत आहोत. मी, पत्नी व बिभीषण पावणेतीनच्या सुमारास दवाखान्यात पोहोचलो. डॉक्टर जावयांना विचारत होते की, हिने कोणते औषध पिले. जावई नाही म्हणत होते. त्यांनी घरातून कपाशीवर फवारायच्या औषधाचा डबा माणूस पाठवून आणवला होता व त्याचे सील फुटलेले नाही हे ते प्रत्येकाला दाखवत होते. डॉक्टरांनी पोलिसांना कळवले व आत नळी घालून तिचे पोट धुण्यास घेतले.

मला कारण ठाऊक होते. बिभीषण माझ्या कानाशी म्हणाले की, दाजी, गप ऱ्हावा, आता बोललं तर आपल्यावरच येईल. मी गप्प राहिलो. आतून तिचा ओकारीचा आवाज येत होता. जावई माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मामा, देवाशपथ मी तिला कधी बोट लावलं न्हाई. तुमी तरी सायबाला सांगा." मी त्यांना बसा म्हणालो.

अंदाजे ३.५० वाजता पत्नी कोणाला न विचारता उठली. तिने कापडी पिशवीत संभाजीनगरची जुनी फाईल आणली होती. ती तिने डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली व सर्व सांगितले. डॉक्टरांनी फाईल वाचून लगेच औषधे बदलली. हे आधी कोणी का सांगितले नाही असे त्यांनी विचारले. सायंकाळी साडेसहा वाजता नर्सने सांगितले की, पोटातले राहिले नाही.

विहीणबाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "पाव्हणं, मी रोज म्होरं बसून पाजलं वो तिला. गिलास रिकामा होईस्तर उठू दिलं न्हाई." थोड्या वेळाने म्हणाल्या, "आमच्यात ज्वारी न्हाई का? सांगितलं असतं तर दोन भाकरी जास्त थापल्या असत्या. त्याला काय लागतंय?"

काल तिला साध्या वॉर्डात आणले. रक्त चढवणे चालू आहे. डॉक्टर म्हणतात की, जीवाचा धोका टळला, पण आतडे भरून येण्यास वर्ष जाईल, पुढचे आताच सांगता येत नाही. मी आज सकाळी तांदळाची पेज नेली. ती म्हणाली, "आईजवळ द्या. तुमी बाहेर बसा." तेव्हापासून मी बाहेरच्या बाकावर आहे. जावई व विहीणबाई चारही दिवस येथेच आहेत. ते तिला घरी नेणार की नाही, व ती जाणार की नाही, हे मी विचारलेले नाही.

माझ्या मुलीला सासरी कोणताही जाच नव्हता. तिने विष घेतले नाही व कोणी दिले नाही. शेळके कुटुंबाविरुद्ध माझी तक्रार नाही. काल हवालदार साहेबांनी राजनंदिनीचा जबाब घेतला. तिने सांगितले आहे की, मला काय चालत नाही ते मला माहीत होते, माझे मीच खाल्ले, कोणाचा दोष नाही. माझे नाव तिच्या जबाबात कोठेही नाही, असे साहेबांनी सांगितले. म्हणून ते मी माझ्या जबाबात सांगत आहे.

हा जबाब हवालदार साहेबांनी लिहून घेऊन मला सावकाश वाचून दाखवला. त्यात 'नजरचुकीने आजाराची माहिती देण्याचे राहून गेले' असे एक वाक्य होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडले आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे, तो मला मान्य आहे.

समक्ष,
(सही) शहादेव त्रिंबक घोलप