बाहुलीच्या गालावरची चामखीळ

दातांच्या दवाखान्यात गाल सुजलेल्या बाईंना तोंड उघडता येत नव्हतं, त्यामुळे शेजारच्या बहीण-भावाचं बोलणं ऐकणं भागच होतं.

“ताई, बाहुलीच्या चेहऱ्याचा साचा बिघडवला मी. आता प्रत्येक बाहुलीच्या गालावर चामखीळ येणार.”

“पोलादाच्या साच्याला काय होतंय? हातोडा हाणलास की काय?”

“साचा तेलात बुडवून विजेच्या ठिणग्यांनी कोरतो गं आम्ही. विजेचा एक ठोका, मग जराशी उसंत. त्या उसंतीत ते तेल पोलादाचा जळका कचरा वाहून नेतं. लवकर उरकायला मी उसंतच कमी केली. कचरा साठला, ठिणगी एकाच जागी अडून बसली आणि खड्डा पडला.”

“तुझी घाई! जन्मलास तोसुद्धा जिन्यात.”

“चेहरा आमच्या उस्तादांच्या गेलेल्या बायकोचा होता. निवृत्तीआधीचं त्यांचं शेवटचं काम.”

“अरे देवा! रागावले?”

“नाही ना. त्या खड्ड्यावर बोट ठेवलं. म्हणाले, तिला चामखीळ अगदी इथेच होती. जन्मभर पावडरीखाली लपवायची, म्हणून मी मुद्दाम गाळली होती.”

“मग तो खड्डा भरून दे की त्यांना!”

“तेच म्हटलं. तर म्हणाले, भर. पण आधी एक बाहुली काढून दे.”