डॉक्टर माझा ब्लॉग वाचतात!

...आणि वर मलाच विचारतात, ‘दुखतंय का?’ अहो, दुखतंय म्हणून तर आलो! पण बोलणार कसं? तोंडात त्यांची दोन बोटं, एक आरसा, वर ती लाळ ओढणारी नळी... आता मूळ भानगड ऐका. तुम्हाला सांगतो, मी ब्लॉग लिहितो. रोज. काय लिहितो? काही नाही हो! आमचा नळ गळला, शेजाऱ्यांनी पायपुसणं बदललं, हेडक्लार्कनं ऑफिसातला नवा स्टेपलर घरी नेला आणि घरचा जुना आणून ठेवला... आमची ही म्हणते, ‘नळ गळतोय तर प्लंबरला सांगा, जगाला काय सांगताय? वाचतं कोण ते?’ तेच तर! कोणी वाचत नाही या भरवशावरच तर मी लिहितो!

म्हणून मागच्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरांवर लिहिलं. रूट कॅनलची पहिली खेप झाली होती. लिहिलं, की हे गृहस्थ मशीन चालवताना गुणगुणतात आणि सूर लागला नाही की मशीनचा जोर वाढवतात. नाव नाही, गाव नाही. फक्त दाढ लिहिली... वरची डावी, शेवटून दुसरी. नेमकं लिहायची खोड! तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं?

काल दुसरी खेप. खुर्ची मागे गेली, डोळ्यांवर दिवा, घर्रर्र सुरू... आणि डॉक्टर गुणगुणेनात! नुसतं मशीन! मी खुर्चीचे हात घट्ट धरले. मग मास्कमधून हळूच आवाज आला, ‘आज सूर बरा आहे ना?’

मी म्हटलं, ‘आँ...’

‘चेहरे नाही लक्षात राहत माझ्या,’ ते म्हणाले, ‘पण दाढ मी विसरत नाही. रोज वाचतो तुमचं.’

रोज! आणि मशीन चालूच! ‘दिवसभर माणसं माझ्यासमोर तोंड उघडून बसतात, पण बोलत एकही नाही. काही विचारावं, तर आँ! मग घरी गेल्यावर वाटतं, या लोकांच्या घरी चाललंय तरी काय? म्हणून वाचतो. तुमचा नळ थांबला का हो?’

मला असं भरून आलं... भूलही उतरत आली होती, तेही असेल. पण सांगा, माझं काय चुकलं?

मग चूळ भरायला उठवलं. ‘खरं सांगा, इतका बेसूर आहे मी?’ हातात मशीन तसंच! नर्सबाई जागच्या जागी थबकल्या. मी चूळ भरली. पुन्हा भरली. ग्लास संपला. इतकी वर्षं जे दिसलं, जे ऐकलं, तेच लिहीत आलोय हो, शब्द फिरवला नाही कधी! म्हटलं, ‘डॉक्टर... जरा आहात.’

त्यांनी माझा एक्स-रे दिव्यासमोर धरला, बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, ‘खालच्या दोन दाढा काढाव्या लागतील.’

तेव्हा आजचा ब्लॉग वाचून घ्या. ‘डॉक्टरांचा गळा फार गोड आहे,’ असं लिहिलंय. काय करणार? ब्लॉग उद्या दुरुस्त करता येतो... दाढा थोड्याच पुन्हा येतात!