आईच्या बोलण्यातली जागा

त्या मोडेमचं तर नावच नका काढू! रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, पण आमच्या तात्यापारा मोहल्ल्यात इंटरनेट रांगतच होतं. अमेरिकेतल्या दादासाठी आईनं कॉम्प्युटरवर आवाज रेकॉर्ड केला. "बाबू, जेवला का?" विचारे अन् थांबे, जसा तो समोरच बसून आहे.

फाईल जाता जाईना. जावईबापू म्हणाले, "कंप्रेस कर देते हैं. जहाँ आवाज नहीं, वो सब काट दो."

फाईल झटक्यात गेली. दादाचा फोन आला, "आई इतक्या घाईत काहून बोलून राहिली? मले हो म्हणायलेबी जागा नाही ठेवली!" आम्ही हसलो.

आता आई नाही. मूळ रेकॉर्डिंग तेव्हाच पुसलं, ही कापलेली फाईलच राहिली. दादा अजून ऐकते, अन् त्याचं "हव आई" दरवेळी तिच्या पुढच्या प्रश्नावर पडते.