ळ काही सापडेना

...अहो, माणसावर पाळत ठेवा, त्याच्या डब्यावर ठेवा, चहाला किती वेळा उठतो त्यावर ठेवा, पण बोटांवर? तुम्हाला सांगतो, आमची कंपनी लिफ्ट दुरुस्त करणारी, मी तिथे गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं टाइप करतो, तर एक दिवस कॉम्प्युटर विभागातली बाई आली आणि म्हणाली, "काका, आजपासून मशीन तुमची टाइप करायची पद्धत शिकणार. कुठलं बटण किती वेळ दाबता, दोन बटणांमध्ये किती थांबता, सगळं! पासवर्ड चोरता येतो, बोटांची चाल चोरता येत नाही." म्हटलं, "बाई, माझ्या चालीत चोरण्यासारखं आहे काय? दोन बोटांवर कारभार, त्यातलं एक दुखतं!"

आता ह्यात खरी गोम काय, ते कुणाला सांगायचं नव्हतं... तुम्हाला म्हणून सांगतो. मला ळ सापडत नाही. हसू नका! मी शिकलो जुन्या टाइपरायटरवर. कॉम्प्युटर आला, अक्षरांच्या जागा बदलल्या, बाकीची अक्षरं हळूहळू बसली, हा एक ळ मात्र बसायला तयार नाही. बोट सवयीनं जुन्या जागी जातं, तिथे भलतंच कुणीतरी ठाण मांडून! मग चष्मा कपाळावर, नाक कीबोर्डवर, आणि शोधा... आता मला सांगा, ह्यात बोटांचा काय दोष?

मग मी ळ टाळायला लागलो. 'सगळे' नाही, 'सर्व'. 'काळजी' नाही, 'चिंता'. 'मंगळवारी सकाळी' आलं की घाम फुटायचा, मग लिहायचो, 'सोमवारनंतरच्या दिवशी प्रभाती'! मेकॅनिक बिचारा अंधारातच जाऊन गिऱ्हाइकाची बेल वाजवायचा. पण ऑफिसात माझा दबदबा! "काकांचं मराठी बघा, काय भारदस्त!" सगळे मला पंडित म्हणायला लागले. मीही गालातल्या गालात हसून घ्यायचो, नाही कशाला म्हणा?

आणि मग तो दिवस! मी चहाला गेलो, मशीन उघडंच टाकून. परत येतो तर सगळं ऑफिस माझ्याकडे टकामका बघतंय, आणि केबिनमधून साहेबांची हाक... हाक कसली, डरकाळी! माझ्या नावानं सगळ्यांना मेल गेलेली, 'साहेब, तुम्ही वेळ पाळत नाही, सगळ्यांच्या कामात ढवळाढवळ करता, नुसता गोंधळ घालून कंपनीचं वाटोळं केलंत!' तुम्हाला सांगतो, पायाखालची जमीन सरकली. निवृत्ती तोंडावर आलेली, आणि साहेब म्हणतायत, "उद्यापासून येऊ नका!" मी म्हणतोय, "साहेब, मी नाही हो!" ते म्हणतायत, "मशीन तुमचं, नाव तुमचं, मग बोटं कुणाची?" घ्या! आले परत बोटांवर! आता मला सांगा, ह्यात बोटांचा काय दोष?

तेवढ्यात कॉम्प्युटरवाली धावत आली. "थांबा!" म्हणाली, मशीनमधून कसलासा आलेख काढला आणि भर ऑफिसात खणखणीत आवाजात वाचायला लागली, "काका दोन बोटांनी टाइप करतात. मधूनमधून स्वतःच लिहिलेलं खोडतात. आणि ळ आला की इतके थांबतात, इतके थांबतात, की मशीनला वाटतं माणूस घरी गेला. आता ही मेल बघा. एवढे ळ, आणि एकाही ळ-पाशी बोट अडखळलेलं नाही. हे काका असूच शकत नाहीत!"

अख्खं ऑफिस खो खो हसतंय, माझी पंडिताई चारचौघांत उघडी पडलेली, आणि मी? मला इतकं हलकं, इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं हो! नोकरी वाचली! आयुष्यात कुणी माझ्या नालायकीची एवढी बाजू घेतली नव्हती.

मग ती बोटं निघाली कुणाची? साहेबांच्याच सेक्रेटरीची! न बघता टाइप करते, सुसाट. शांतपणे म्हणाली, "कुणीतरी सांगायलाच हवं होतं. काकांचं मशीन उघडं दिसलं, आणि काका काय, निवृत्तच होणार होते." ऐका! साहेब लालबुंद. पण तिला काढायची सोय नाही, साहेबांची पत्रं मग कोण टाइप करणार? मी? साहेबांनी तिच्याकडे बघितलं, माझ्या दोन बोटांकडे बघितलं, आणि म्हणाले, "जाऊ दे... कामाला लागा."

घरी सांगितलं, तर बायको म्हणाली, "अहो, आता तरी सुधारा! दहा बोटांनी शिका." मलाही उत्साह आला. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवालीला म्हटलं, शिकतोच आता, ळ-सकट! ती केवढ्यांदा ओरडली, "काका, खबरदार! तुम्ही शिकलात तर मशीन तुम्हाला ओळखणार नाही, सरळ चोर समजेल. निवृत्त होईपर्यंत अजिबात सुधारायचं नाही!" आणि तसा रीतसर लेखी आदेशच काढला, खाली साहेबांची सही! लग्न झाल्यापासून घरात ऐकतोय, सुधारा, सुधारा, सुधारा... परवा तो कागद बायकोच्या हातात ठेवला आणि म्हटलं, "बघ बाई, माझी फार इच्छा होती... पण वरूनच मनाई आहे!"